पावसाळा आणि पाठीवरची पिशवी



मृग लागण्यापूर्वी आपल्या गावांतून घराची जी तयारी चालते ती पाहण्यासारखी असते. कौले चाळली जातात, फुटकी बदलली जातात, सरपण आत येते, सांडगे-पापड, मिरच्या आणि सुकी मासळी डब्यांत बंद होते. घर चार महिन्यांसाठी असे सिद्ध होते. परंतु त्या घरातून रोज सकाळी बाहेर पडणारा माणूस आणि त्याच्या खांद्यावरची पिशवी यांची सिद्धता मात्र कोणी करीत नाही. पहिली जोराची सर येते, मूल भिजलेल्या दप्तरासह घरी परतते, आणि मग चुलीभोवती वह्या वाळत घालण्याचा तो परिचित सोहळा सुरू होतो.

पूर्वी बाजाराची पिशवी भिजली तर फार तर गूळ पाघळे आणि मीठ ओले होई. आज त्याच पिशवीत साऱ्या कुटुंबाचा दप्तरखाना भरलेला असतो. आधार कार्ड, बँकेचे पासबुक, शिधापत्रिका, मुलांची गुणपत्रके, आजीची औषधे, आणि ह्या सर्वांच्या वर मोबाईल. खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगाला, कणकुंबी-जांबोटीकडे, कित्येक वाड्यांवरून बस गाठावयाची म्हणजे कोस-दीड कोस चालणे आलेच. बेळगावच्या पूर्वेस गेल्यावर पाऊस झपाट्याने ओसरतो. तिकडच्या माणसाला घाटमाथ्यावरची संततधार सांगून पटत नाही. आपल्याला ती सांगावी लागत नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या धर्मग्रामातील एका वाडीवरची मुलगी दहावी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली आणि विज्ञान शाखेत नाव घालण्यासाठी बापाबरोबर शहरात निघाली. प्रवेशाचा तो शेवटचा दिवस. पुठ्ठ्याच्या फाइलमध्ये सारी मूळ कागदपत्रे, ती फाइल नव्या कोऱ्या पिशवीत, पिशवीवर ‘वॉटरप्रूफ’ अशी चिठ्ठी. रस्त्याला लागेपर्यंत पाऊण तास पावसात, मग बस. खिडकीपाशी फाइल उघडली तेव्हा पुठ्ठ्याचा लगदा झालेला, गुणपत्रकाच्या घड्या एकमेकींस चिकटलेल्या, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर हाताने लिहिलेला मजकूर म्हणजे नुसता निळा डाग. तेथील लिपिकाने ते कागद घेतले नाहीत. नियमाप्रमाणे त्याला घेताही येत नव्हते. दुसऱ्या प्रती हाती येईपर्यंत हवी ती जागा गेली होती. मुलगी आज शिकते आहे, परंतु तिला जे शिकावयाचे होते ते नव्हे. बाप मला एवढेच म्हणाला, “पिशवी नवीच होती, फादर.”

पिशवी नवी होती हे खरे, आणि दोष सर्वस्वी तिचाही म्हणता येत नाही. पिशवीत पाणी शिरते कसे हेच आपणांपैकी पुष्कळांनी कधी नीट पाहिलेले नसते.

थोडा हिशेब करू. एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. मुलांच्या दप्तराचा माथा सुमारे ३० सेंटिमीटर लांब आणि १५ सेंटिमीटर रुंद धरला, आणि शाळेच्या वाटेवर २० मिलीमीटर पाऊस पडला असे मानले, तर त्या एवढ्याशा माथ्यावर ९०० मिलिलिटर पाणी पडते. म्हणजे जवळजवळ लिटरभर पाणी चेनीवर सावकाश ओतण्यासारखेच झाले. वेधशाळा २४ तासांत ६४.५ मिलीमीटरपासून पुढच्या पावसाला जोरदार म्हणते, आणि २०४.४ च्या वर गेला की अतिवृष्टीतही टोकाचा. आपल्याकडे तरण्या पावसात २० मिलीमीटरसाठी पुष्कळदा एक सरच पुरते.

हे पाणी कापडातून सहसा शिरत नाही. आजच्या पिशव्यांच्या कापडाला आतून लेप दिलेला असतो व तो नवा असेतो चांगला टिकतो. पाणी शिरते ते शिवणीतून आणि चेनीतून. १८२३ साली चार्ल्स मॅकिन्टॉश ह्या स्कॉटिश रसायनज्ञाने दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालून पाणी न झिरपणाऱ्या कापडाचे पेटंट घेतले. इंग्रजीत रेनकोटाला पुढे त्याचेच नाव पडले. त्याचे कापड उत्तम होते, परंतु शिंप्याने त्याचा कोट शिवला की सुईच्या प्रत्येक छिद्रातून पाणी आत येऊ लागे. दोनशे वर्षे झाली, तरी बाजारातल्या साध्या पिशवीची कथा तीच आहे. कापडाची जाहिरात होते, सुईच्या छिद्रांची होत नाही. त्यातही तळाची शिवण सर्वांत दुबळी, कारण वरून ओघळलेले सारे पाणी तेथेच साचते, आणि ओल्या बाकावर किंवा बसच्या चिखलट फळीवर आपण पिशवी टेकवितो तीही त्याच अंगाने.

खांद्याचे पट्टे हा दुसरा चोरवाटा. सुती किंवा स्पंजाचा पट्टा वातीसारखे काम करतो. दिव्यातली वात जशी तेल ओढते तसा तो खांद्यावरचे पाणी ओढून पिशवीच्या पाठीशी नेऊन सोडतो. आणि तिसरी वाट आपण स्वतःच उघडतो. बसमध्ये चढल्यावर ओली घडीची छत्री मिटून आपण कोठे ठेवतो? त्याच पिशवीत, वह्यांच्या शेजारी. जे पाणी वाटभर बाहेर राखले ते शेवटी हाताने आत नेऊन ठेवले. छत्रीला वेगळी लहान पिशवी हवी, आणि ती दप्तराच्या बाहेर लटकती हवी.

तेव्हा माझे म्हणणे असे की, पिशवी कोरडी राखण्याच्या खटाटोपात फारसे पडू नये. पिशवीतील वस्तू कोरडी राखावी. बाहेरून घालावयाचे आवरण वाईट नव्हे, परंतु वाऱ्याने ते उडते, पाठीच्या बाजूने ते उघडेच असते, आणि खाली त्याच्या खोळीत पाणी साचून पिशवी त्या पाण्यात बसते. त्याच जाड प्लॅस्टिकची पिशवी आत घाला, सामान तिच्यात भरा, आतली हवा दाबून काढा, तोंड तीन वेळा घट्ट गुंडाळा आणि कपड्यांना लावतो तो चिमटा लावा. गाठ मारू नये. गाठीच्या चुण्यांतून पाणी वाट काढते, गुंडाळीतून ते सहसा चढत नाही. आत घातलेली पिशवी धड आहे की नाही याची परीक्षा अगदी सोपी आहे. ती हवेने फुगवून तोंड पिळून धरावे आणि बादलीतल्या पाण्यात दाबावी. बुडबुडे आले की छिद्र सापडले. दुकानांतून मिळणाऱ्या पातळ पिशव्या ह्या कामाच्या नव्हेत. ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनहून पातळ प्लॅस्टिकच्या हातपिशव्यांना देशभर मनाई आहेच, आणि कर्नाटकात तर त्यांवर २०१६ पासूनच बंदी आहे. धान्याच्या किंवा नव्या गादीच्या वेष्टनाचे जाड प्लॅस्टिक घरात पडलेले असते. ते वर्षानुवर्षे टिकते. खताच्या पोत्याचे अस्तर मात्र वह्यांना व डब्यांना वापरू नये. ते कितीही धुतले तरी शिवणीत क्षार राहतात आणि क्षार हवेतली ओल ओढून घेतात.

जाड सुती कापडाची जुनी पिशवी असेल तर तिच्या शिवणींवर मेणबत्तीचा तुकडा चांगला घासावा आणि वर जुना कागद ठेवून बेताची गरम इस्त्री फिरवावी. मेण दोऱ्यात मुरते व सुईची छिद्रे भरतात. नायलॉनच्या पिशवीवर हा प्रयोग करू नये, ती इस्त्रीने वितळेल. (मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे मागावयास मंदिरात यावे, ते पावसाळ्यात आमच्याकडे पुष्कळ साठतात, आणि मागणाऱ्यास कोणी हसणार नाही.)

पिशवीत काय काय जपावयाचे याचाही विचार हवा. सर्व काही सारखेच जपू गेल्यास काहीच जपले जात नाही. छत्रीची पिशवी, पाण्याची बाटली, भाजीची जुडी भिजली तर बिघडत नाही. ती बाहेरच्या कप्प्यात राहू द्यावी. गरम डबा वह्यांच्या एकाच प्लॅस्टिकमध्ये कधी घालू नये, कारण त्याची वाफ आतच गोठते आणि पाऊस न लागताच वह्या दमट होतात. मूळ कागदपत्रे तर ज्या दिवशी मागितली असतील त्या दिवशीच घराबाहेर पडावीत. एरवी छायाप्रती न्याव्यात. २०१५ साली सरकारने सुरू केलेल्या डिजिलॉकरमध्ये आधार, गुणपत्रक इत्यादी ठेवता येतात. घरात एका तरी मुलाला हे जमत असेल तर आजच करवून घ्यावे. काही जण गुणपत्रक कायमचे प्लॅस्टिकात दाबून घेतात. मला ते पसंत नाही. पुढे कोणा कार्यालयाला मागे शिक्का मारावयाचा झाला तर तो मारता येत नाही, आणि ते प्लॅस्टिक सोडवू गेल्यास कागदच फाटतो. दोन्ही बाजूंनी पारदर्शक असलेली, तोंड दाबून बंद होणारी थैली पुरे.

हाताने लिहावयाचे असेल ते बॉलपेनने लिहावे. त्याची शाई तेलकट असते व पाण्याला दाद देत नाही. साध्या शाईचे पेन, आणि पुष्कळदा जेलपेनही, पाण्याच्या चार थेंबांत पसरते. जुन्या बाप्तिस्म्याच्या वह्यांत पिढ्यान्पिढ्यांची नावे कित्येक दमट पावसाळे काढून अजून वाचता येतात, याचे एक कारण त्या काळची लोहयुक्त काळी शाई हेही आहे. शाळेच्या वह्यांना तशी शाई आज कोण आणणार? परंतु नाव, इयत्ता आणि वर्ष एवढे तरी बॉलपेनने लिहावे.

औषधांविषयी मला थोडे अधिक आग्रहाने सांगावयाचे आहे. गोळ्या पट्टीतून काढून कागदाच्या पुडीत किंवा रुमालाच्या गाठीत नेण्याची आपल्या वडीलधाऱ्यांना सवय असते. पट्टी मोठी, पिशवी लहान, असे कारण ते सांगतात. ओल लागलेली गोळी पुष्कळदा दिसावयास तशीच असते आणि गुणाला उतरलेली असते. ज्याला फिट्स येतात, ज्याला क्षयाचे औषध चालू आहे, त्याने अशी गोळी घेतली तर तिचा पुरा गुण येईलच असे नाही. आणि त्याला ते कळतही नाही. गोळी तोंडात घालावयाच्या क्षणापर्यंत पट्टीतच राहू द्यावी, आणि पट्टी झाकणाच्या डबीत. जलसंजीवनीची पुडी भिजून आत ढेकूळ झाले असेल तर ती टाकून द्यावी.

आता स्वतःचे अंग. आपल्या पूर्वजांनी ह्या बाबतीत जे शोधून ठेवले ते मोठ्या निरीक्षणाचे फळ आहे. बांबूच्या कामट्यांचे आणि पानांचे इरले पाहा. लावणी करणारी बाई कमरेत वाकलेली असते. पाऊस पडतो तो तिच्या पाठीवर. म्हणून इरले डोक्यापासून पाठीच्या शेवटापर्यंत जाते आणि दोन्ही हात मोकळे ठेवते. छत्री ही उभ्या माणसाची, इरले वाकलेल्या माणसाचे. घोंगडी ही गुराख्याची. तिच्यातल्या लोकरीला मूळची थोडी चरबी असते, वरून चिंचोक्याची खळ दिलेली असते, त्यामुळे पहिला तासभर पाणी वरून ओघळून जाते. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतकी ओल पोटात घेऊनही अंगाला ओली लागत नाही, आणि भिजल्यावरही ऊब धरते. सुती कपडा भिजला की उलट करतो. तो अंगाची ऊब झपाट्याने बाहेर टाकतो, आणि वारा असेल तर जुलै महिन्यातही दात वाजू लागतात. पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात सारून केलेली खोळ आजही बांधावर दिसते. तिला हसणाऱ्या शहरी पाहुण्याने तीत एक गोष्ट पाहावी: ती माणसाला आणि त्याच्या पाठीवरच्या ओझ्याला एकाच वेळी झाकते. रेनकोट घेतानाही हेच ध्यानात ठेवून एक माप मोठा घ्यावा, म्हणजे पिशवी पाठीवर घेऊन वरून कोट घालता येतो. कुबड आल्यासारखे दिसते खरे, दिसू द्यावे.

छत्रीचे गणित निराळे. पावसाचा मध्यम थेंब, म्हणजे २ मिलीमीटर व्यासाचा, सेकंदाला सुमारे साडेसहा मीटर वेगाने खाली येतो. वारा तेवढ्याच वेगाचा असेल तर पाऊस ४५ अंशांनी तिरपा होतो, आणि मग छत्री डोक्यावर धरणारा माणूस कमरेखाली संपूर्ण भिजतो. छत्री वाऱ्याच्या तोंडाला, पुढे झुकवून धरावी हे मुलांना एकदा हात धरून दाखवावे लागते. शिवाय प्रत्येक काडीचे टोक ही एक पन्हळ असते. मागच्या दोन काड्यांची पन्हळ नेमकी पाठीवरच्या दप्तरावर गळते. म्हणून छत्रीखाली चालणाऱ्याने दप्तर पाठीवर न घेता पोटाशी घ्यावे. छत्रीखालची सर्वांत कोरडी जागा म्हणजे चालणाऱ्याची छाती. “धावलो तर कमी भिजतो की जास्त?” हा प्रश्न मुले मला दरवर्षी विचारतात. वारा नसेल तर उत्तर असे: डोक्यावर पडणारे पाणी वाटेत घालविलेल्या वेळावर अवलंबून असते, ते धावल्याने घटते, समोरून अंगावर घेतलेले पाणी अंतरावर अवलंबून असते, ते तेवढेच राहते. एकूण थोडे कमी भिजतो. परंतु आपल्या निसरड्या पायवाटांवर त्या थोड्यासाठी हातपाय मोडून घेण्यात काही अर्थ नाही.

मोटारसायकलवाल्यांची स्थिती याहून निराळी. तासाला ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर; पडणाऱ्या थेंबापेक्षा स्वार अधिक वेगाने पुढे जात असतो, म्हणून त्याच्या दृष्टीने पाऊस वरून न येता समोरूनच येतो. टाकीवर ठेवलेली पिशवी सर्वांत जास्त भिजते. चालताना पोटाशी घेतलेली पिशवी गाडीवर बसताना पाठीवर आणि कोटाच्या आत गेली पाहिजे. आजाऱ्याकडे मला अवेळी बोलावणे येते तेव्हा पवित्र तेलाची कुपी आणि ख्रिस्तशरीराची डबी मी पिशवीत ठेवीतच नाही. मेणकापडाच्या बटव्यात घालून, गळ्यातल्या दोरीने अंगरख्याच्या आत छातीशी बांधतो. पिशवी पडेल, वाहून जाईल, विसरेल. हे तिन्ही घाटमाथ्यावर घडते.

पायांचे थोडक्यात सांगतो. बंद बूट आत भिजले की संध्याकाळपर्यंत वाळत नाहीत आणि बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. पावसाळी चप्पल घालावी, घरी येताच पाय धुवावेत आणि बेचक्या कोरड्या फडक्याने पुसाव्यात. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून जाणे टाळावे. उंदरांच्या मुत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोचा ताप येतो, आणि तो जिवावर बेततो.

मोबाईलवर आयपी६७ असे लिहिलेले असते त्याचा अर्थ, नवा असताना तो एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकला, एवढाच. वापराने ही शक्ती उतरते. भिजला तर लगेच चार्जिंगला लावू नये, आणि तांदळाच्या डब्यात तर मुळीच पुरू नये. २०२४ साली अॅपल कंपनीनेही आपल्या ग्राहकांस तसे न करण्याविषयी सांगितले, कारण तांदळाचे बारीक कण आत जातात. पुसावा, भोक खाली करून हळूच झटकावा आणि वाऱ्याला ठेवावा.

इतके करूनही कागद भिजलाच तर घाई करू नये. चिकटलेल्या घड्या ओल्या असताना ओढून उघडू नयेत. चुलीवर किंवा इस्त्रीखाली धरू नयेत. दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर हलके वजन द्यावे, कोरे कागद दर अर्ध्या तासाने बदलावेत, आणि पंखा असेल तर खोलीत फिरता ठेवावा. वर्तमानपत्राचा कागद नको, त्याची शाई उतरते. दोन दिवसांच्या आत वाळला तर बरे. त्यानंतर बुरशी धरू लागते. पिशवी रात्री पूर्ण रिकामी करून, कप्पे उलटे काढून, तोंड खाली करून टांगावी, म्हणजे तळाच्या शिवणीतले पाणीही निथळते. चुलीच्या बाजूला टांगावी, थेट वर नको. तेथे लेप सुटतो आणि सकाळी मुलाच्या दप्तराला धुराचा वास येतो.